तपासणीच्या दिवशीची सहल

फोन सोमवारी सकाळी आला, आणि कुणी कुणाला सांगायच्या आधीच अख्ख्या शाळेला कळला, कारण मुख्याध्यापिका मिसेस ट्रेसिडर कॉरिडॉरमधून चक्क पळत गेल्या. आग लागली तरी ही बाई पळणाऱ्यातली नाही. मागच्या वर्षी सायन्सच्या लॅबमध्ये खरंच लागली होती, तेव्हासुद्धा त्या चालतच बाहेर आल्या होत्या, हातात चहाचा मग घेऊन. आणि आज पळाल्या म्हणजे दुसरं काही असूच शकत नाही, उद्या शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार. क्लाइव्ह एलर्बी तेव्हा जिन्यात होता. त्या टाचांचा टकटकाट ऐकला आणि हातातली कॉफी डचमळून मनगटावर सांडली, चांगलं चरचरलं, पण तुम्हाला खरं सांगू का, त्याला आनंद झाला. अख्ख्या शाळेत त्या क्षणाला आनंद झालेला तो एकटाच प्राणी असेल. बाकीचे मास्तर भिंतीवरचे फाटके तक्ते उपटायला धावले, कुणी बाथरूममध्ये जाऊन रडलं, गणिताचा एकजण तर म्हणे पार्किंगमध्ये गाडीत बसून नुसताच स्टिअरिंग धरून राहिला. आणि एलर्बी जिन्यात उभा, मनगट चोखत, स्वतःशीच हसत. कारण या माणसाला आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या गोद्यांच्या मागच्या याच शाळेत पंचवीस-सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय, पण पहिल्या तपासणीला त्याचं अपेंडिक्स फुटलेलं, दुसऱ्या वेळी इन्स्पेक्टर शेजारच्या वर्गापर्यंत आले आणि घंटा झाली, तिसऱ्या वेळी दार उघडून डोकावले आणि ‘सॉरी, आम्हाला फ्रेंच हवं होतं’ म्हणून गेले. आणि त्याच्याकडे एक तास होता. सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे ती सोळा-अठरा वर्षांची, युनिफॉर्म सुटलेली, स्वतःला मोठी समजणारी पोरं असतात ना, त्यांचा. समुद्र जमीन कशी खातो, याचा. तो तास त्यानं वर्षानुवर्षं घासून घासून आरशासारखा केला होता. आणि उद्या मंगळवार, तिसरा तास सिक्स्थ फॉर्म. देवानं बसून जुळवल्यासारखं.

दुपारी मिसेस ट्रेसिडरनी बोलावलं.

“बसा क्लाइव्ह. नाही, बसू नका, वेळ नाहीये. तुमच्याकडे मिनीबस चालवायचं लायसन्स आहे ना, ते जुन्या काळातलं, वेगळ्या परीक्षेशिवाय मिळालेलं?”

“आहे की.”

“सुटले बाई! उद्या काही मुलांना जरा बाहेर न्यायचंय. समुद्रावर न्या. तुमचा विषयच आहे.”

“उद्या? पण उद्या तर ते—”

“म्हणूनच तर,” त्या म्हणाल्या, आणि एलर्बीकडे न बघता टेबलावरचे स्टेपलर वगैरे सरळ रेषेत लावायला लागल्या. “ब्रोडी, ती जुळी, आणखी पाच-सहाजण. तुम्हाला माहितीये कुठली मुलं. ही शाळेत असली तर आपलं काय होईल ते मी वेगळं सांगायला नको. सिक्स्थ फॉर्म बंद करायला टपलेत लोक, क्लाइव्ह. एक वाईट शेरा, की गेला.”

“माझा सिक्स्थ फॉर्मचा तास आहे. तिसरा.”

“गॅरेथ घेईल. त्याचाही मूळ विषय भूगोलच ना.” गॅरेथ पिम म्हणजे उपमुख्याध्यापक, पस्तिशीचा, गुळगुळीत बुटांचा. “त्याची काळजी करू नका. आणि हे बघा, ही मुलं सांभाळणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही. विश्वासाचं काम आहे. म्हणून तुम्हाला सांगतेय.”

आता तुम्ही म्हणाल, तो चिडला कसा नाही? नाही चिडला. त्यानं ते दोन शब्द उचलले आणि घरी घेऊन गेला. विश्वासाचं काम. भांडी घासताना ते तोंडात घोळवले, टीव्हीसमोर घोळवले. बायको कधीच लीड्सला निघून गेलेली, त्यामुळे ऐकायला कुणी नव्हतं, पण असती तर तिला त्यानं सांगितलं असतं, ट्रेसिडरचा माझ्यावर भरवसा आहे. तास जाणार याचं दुःख होतंच. दाढेतल्या खड्ड्यात जीभ जाते तसं मन सारखं त्या तिसऱ्या तासाकडे जात होतं. पण तो मनाला म्हणे, अरे लायसन्स दुसऱ्या कुणाकडे नाही, करणार काय ती बिचारी? माणूस स्वतःला किती मऊ मऊ उशा देतो बघा.

मंगळवारी सकाळी, इन्स्पेक्टर यायच्या आधी, मागच्या गेटातून मिनीबस निघाली. मागच्या गेटातून, हेही त्याला तेव्हा खटकलं नाही. बरोबर होलरॉइड नावाचा खेळाचा मास्तर, चोविशीचा, मान बैलाएवढी, सदा काहीतरी चघळणारा. मागे पोरांचा कल्ला.

“सर, कुठे चाललोय आपण?”

“समुद्रावर.”

“नोव्हेंबरात?”

“नोव्हेंबरात प्रेतं लागतात किनाऱ्याला,” ब्रोडी म्हणाला. याच ब्रोडीनं सायन्सच्या बाईंच्या गाडीवर हिरवा रंग ओतला होता.

“गप ए, तुझं थोबाडच प्रेतासारखं आहे,” जुळ्यांपैकी एक.

“सर, हा बघा ना!”

“सर, मला उलटी येतेय.”

“खिडकी उघड. अगं बाहेर, बाहेर डोकं!”

सगळ्यात मागच्या सीटवर रॉक्सॅन ब्लेंकिन बसली होती, खिडकीला कपाळ टेकून. ती सिक्स्थ फॉर्मची, सतरा वर्षांची, आणि ती या बसमध्ये का, हे एलर्बीला कळेना. तिनं कधी कुणाच्या गाडीवर काही ओतलं नव्हतं. उलट त्याच्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची. फक्त एकच, तिच्या जिभेला हाड नाही. मागं एकदा शहराचे कुणी बडे पाहुणे आले होते, त्यांनी ‘शाळा आवडते का’ म्हणून विचारलं, तर हिनं पंधरा मिनिटं सांगितलं, कुठल्या मजल्यावरचे संडास कधीपासून कुलूपबंद आहेत ते. हां, म्हणजे तिला लपवलंय होय, एलर्बीच्या डोक्यात आलं, आणि त्याला वाईट वाटलं तिच्यासाठी. तिच्यासाठी, बरं का. शहर संपलं, कोबीची शेतं लागली, सपाट, ओली, आभाळ खाली टेकलेलं, आणि होलरॉइड म्हणाला, “क्लाइव्ह, दमलास तर सांग हां. मी घेतो.”

“तुला येते ही चालवता?”

“न यायला काय झालं? सप्टेंबरात परीक्षा दिली ना मी. रग्बीच्या पोरांना दर शनिवारी मीच तर नेतो. मी म्हटलं पण बाईंना, मी एकटा नेतो, ऑफिसातलं कुणीतरी द्या बरोबर, बास झालं. तर म्हणे, नाही नाही, क्लाइव्हला ने.” आणि होलरॉइडनं खिशातून मिंट काढून पुढे केलं. “घेतोस?”

क्लाइव्हला ने. गाडी चाललीच होती. हात चाकावर, पाय पॅडलवर, समोर दुधाचा टँकर, त्याला ओव्हरटेक करायचं नाही, पुढं वळण आहे, हे सगळं एलर्बीचं शरीर नीट करत होतं, पण आत काहीतरी थांबलं होतं. त्यानं मिंट घेतलं, तोंडात टाकलं. थंडगार. सामान नेतात तसं, क्लाइव्हला ने. छत्री ने, डबा ने, क्लाइव्हला ने. आणि कुठून कोण जाणे, त्याला रेमंड आठवला. रेमंड म्हणजे मोठा भाऊ, ज्याला झटके यायचे, जो जेवताना ओरडायचा, ज्याची लाळ गळायची. चर्चमधले पाद्री घरी चहाला यायचे, की आई क्लाइव्हच्या हातात टॉफीची पुडी द्यायची आणि म्हणायची, माझं शहाणं बाळ ते, जा, रेमंडला जहाजं दाखवून आण. आणि सातआठ वर्षांचा क्लाइव्ह छाती फुगवून थोराड भावाचा हात धरून गोदीवर जायचा, त्याला क्रेन दाखवायचा, नॉर्वेहून आलेल्या लाकडांचा वास घ्यायला लावायचा, त्याला वाटायचं या घरातला खरा कर्ता आपणच. बहीण मात्र घरी राहायची. बहीण पियानो वाजवून दाखवायची. पाद्री म्हणायचे, काय गोड मुलगी आहे तुमची! इतकी वर्षं तो ही गोष्ट लोकांना सांगत आला होता, हसत हसत, मी भावाला कसा सांभाळायचो म्हणून. आणि आज, पन्नाशी उलटून गेल्यावर, दुधाच्या टँकरमागे रखडताना, तोंडात होलरॉइडचं मिंट विरघळत असताना पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की आईला त्या खोलीतून दोन मुलं बाहेर हवी होती. तो तेव्हा अडखळत बोलायचा. नखं खायचा. पाहुण्यांसमोर भलतंच काहीतरी सांगत सुटायचा, थांबायचाच नाही. आईनं एका दगडात... नाही, आई तशी नव्हती. आई तशी नव्हती ना? विचारायला आता आई नाही, रेमंड नाही, बहीण कॅनडात, आणि तिला असलं काही फोनवर विचारलं तर ती म्हणेल, क्लाइव्ह, तू परत प्यायला लागलास का?

किनाऱ्यावर वारा असा, की शब्द तोंडातून निघाला की थेट मागच्या शेतात जाऊन पडेल. इथला कडा म्हणजे खडक नाही, नुसती चिकणमाती, चॉकलेटच्या केकसारखी तपकिरी, ओली, दर हिवाळ्यात हातहात तुटून खाली जाणारी. रस्ता सरळ येतो आणि हवेत संपतो. डांबर तुटलेलं, मधला पांढरा पट्टा कड्याच्या टोकापर्यंत जाऊन थांबलेला. पलीकडे तारेचं कुंपण अधांतरी लोंबतंय. एलर्बीनं सवयीनं तोंड उघडलं. इथं काय दिसतंय मुलांनो? बघा, वरच्या गावानं आपल्यापुरते दगडाचे बांध घातले, त्यांची वाळू अडली, गाव वाचलं, पण मग खालच्याला वाळूच मिळेना, म्हणून समुद्र इथं दुप्पट खातो... तो बोलत राहिला. हात हलवत राहिला. जुळी एकमेकांना चिखल मारत होती, ब्रोडी पाठमोरा उभा राहून वाऱ्यावर थुंकून बघत होता, आणि होलरॉइड ओरडला, “चला रे, चिप्स कोणाकोणाला?” तशी सगळी मेंढरं एका उडीत त्याच्यामागे गावातल्या दुकानाकडे पळाली. एलर्बीचं वाक्य अर्धंच राहिलं, त्या रस्त्यासारखं, आणि त्याला स्वतःचीच चीड आली, की इथंही आपल्याला उपमा सुचते.

रॉक्सॅन तेवढी राहिली. जाकिटाच्या बाहीत हात ओढून घेतलेले, नाक लाल झालेलं.

“तू नाही जात? मसाला घातलेल्या चिप्स आहेत.”

“नको. सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“तुम्हाला पण लपवलंय ना?”

तिनं अगदी सहज विचारलं, बस किती वाजता सुटते विचारावं तसं. एलर्बीनं हसायचा प्रयत्न केला, वाऱ्यानं दातच थंड पडले.

“मला लायसन्स आहे म्हणून...”

“होलरॉइड सरांना पण आहे. ऐकलं मी.” मग ती घाईघाईनं म्हणाली, “मला वाटलं तुम्हाला माहितीये. आम्हाला सगळ्यांना माहिती होतं. काल वर्गात पिम सर येऊन सांगून गेले, उद्या मी घेतोय, नीट बसा. सॉरी सर.”

“सॉरी काय त्यात.” समुद्र खाली चहासारखा गढूळ उसळत होता. त्याला वाटलं आता गप्प बसावं. इथं थांबलं तर अजून थोडं काहीतरी शिल्लक राहील. पण माणसाला तेवढी अक्कल असती तर! त्यानं विचारलंच. “रॉक्सॅन, मला खरं सांग. मी कसा शिकवतो?”

“अहो सर, काय विचारताय!”

“नाही, सांग. तुझ्या जिभेला हाड नाही म्हणून तर तुला इथं आणलंय. मग सांग की.”

तिनं बराच वेळ पायाच्या टाचेनं चिखलात खळगा केला. “तुम्ही चांगले आहात,” ती म्हणाली. “म्हणजे खरंच, सगळ्यात चांगले. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्हीच एकटे विचारायचात. पण वर्गात... आम्हाला काही कळतच नाही, सर. तुम्ही बोलता, बोलता, तुम्हाला ते सगळं इतकं आवडतं, की त्यात आम्हाला शिरायला जागाच नसते. आम्ही खिडकीतून तुमचं जेवण बघत असल्यासारखं वाटतं. मग घरी जाऊन आम्ही इंटरनेटवर बघतो. सगळेच. मला युनिव्हर्सिटीत भूगोल घ्यायचा होता. आता नाही घेत.”

“का गं?”

“मार्क नाही पडणार.” तिचे डोळे भरले होते, वाऱ्यानं असेल. “तुम्ही म्हणालात ना, खरं सांग.”

“हो. हो, बरं केलंस,” एलर्बी म्हणाला. “चल, चिप्स गार होतील.” आणि दोघंही जागची हलली नाहीत.

कितीतरी गोष्टी असतात ना, ज्यांचा निकाल परक्या माणसानं लावला तर भांडता येतं. इन्स्पेक्टर म्हणाला असता तर एलर्बी म्हणाला असता, वीस मिनिटं बसून तुला काय कळणार रे माझ्या वर्गातलं? पण हिच्याशी काय भांडणार? ही सव्वा वर्ष पहिल्या बाकावर बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच तर तो शिकवायचा, तिचे डोळे मोठे झाले की त्याला वाटायचं, पोचलं. तिच्याआधी दुसरा कुठलातरी चेहरा होता, त्याआधी आणखी एक. असे किती पहिले बाक, किती मोठे झालेले डोळे, आणि ते सगळे बुडत होते की काय? बुडणाऱ्याचेही डोळे मोठेच होतात. त्याला उगाच वाटलं, त्या सगळ्यांची घरं शोधून काढावीत, दारं ठोठावावीत. पण ठोठावून म्हणायचं काय? मी काही समाजकंटक नाही, मी दारू पिऊन वर्गात आलो नाही, मी रोज वेळेवर आलो, आजारी पोरांची चौकशी केली, आणि तुमची पोरं माझ्यासमोर बसून बसून कोरडीच घरी आली.

परतीच्या वाटेवर पोरं झोपली. ब्रोडीसुद्धा झोपला, तोंड उघडं टाकून, एवढासा दिसत होता तो. शहराच्या तोंडाशी फोन वाजला, होलरॉइडनं उचलला, “हो बाई, हो, सगळे जिवंत आहेत. अच्छा. अच्छा.” मग एलर्बीकडे वळून म्हणाला, “इन्स्पेक्टर अजून गेले नाहीत. पोरांना परस्पर घरी सोडा म्हणतायत. आणि ऐक ना, एकदम जोरात झालंय म्हणे सगळं! उद्या पण न्यायचं, उद्या म्युझियम.” एलर्बी बरं म्हणाला. एकेक पोर उतरलं. जुळी उतरली, रॉक्सॅन उतरली. तिनं खाली उतरून काचेवर टकटक केलं, काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही आणि त्यानं काच खाली केली नाही. शेवटी होलरॉइडला त्याच्या गर्लफ्रेंडकडे सोडलं आणि बस एकटा घेऊन तो शाळेशी आला. पाच वाजून गेले असतील, काळोख पडला होता, खिडक्यांमधून दिवे. त्याला बस आत लावून घरी जायचं होतं, एवढंच. पण आत वळायला पाय धजेना. पुढच्या गेटाबाहेर, रस्त्याच्या कडेला, त्यानं बस थांबवली, दिवे बंद केले आणि नकळत सीटमध्ये खाली सरकून बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं हे. आता त्याला लपवायला कुणाचीच गरज उरली नव्हती, त्याचं त्यालाच जमायला लागलं होतं.

गेटातून एक बाई बाहेर आली, चाकांची बॅग ओढत. जाडजूड मफलर, गळ्यात इन्स्पेक्टरचं ओळखपत्र. टॅक्सीची वाट बघत ती वाऱ्याला पाठ करून उभी राहिली, मग हळूहळू बसच्या आडोशाला सरकली, आणि तेव्हा तिला आतला माणूस दिसला. दचकली. हसली. एलर्बीनं काच खाली केली, दुसरं करणार काय?

“तुमच्या बसमुळे वारा अडतोय. उभी राहिले तर चालेल ना?”

“राहा की.”

“शाळेतलेच का तुम्ही?”

आता बघा. हाच तो माणूस, ज्याची त्यानं एवढी वर्षं वाट बघितली. एका हाताच्या अंतरावर. एक वाक्य पुरेसं होतं. ब्रोडी, जुळी, मागचं गेट, म्युझियम, सगळं बाहेर आलं असतं, ट्रेसिडर गेली असती, सिक्स्थ फॉर्म गेला असता. मग रॉक्सॅन कुठे जाणार? तीन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला? आणि का म्हणून बोलायचं? ट्रेसिडरनं खोटं केलं असेल, पण तिचा हिशेब चुकला कुठे होता?

“बस चालवतो,” तो म्हणाला.

“थंडीत वाईट काम.” तिनं हातावर हात चोळले. “मला विचारायला नको खरं तर, पण तुम्ही रोज बघता. तुमचं पोर घालाल का या शाळेत?”

“सिक्स्थ फॉर्मला भूगोल चांगला आहे म्हणतात,” एलर्बीच्या तोंडून निघून गेलं. का, ते त्यालाही कळलं नाही.

“अहो, खरंय!” बाईंचा थकलेला चेहरा एकदम उजळला. “मी आज बसले होते त्या वर्गात. मी असं बोलायला नको, कुणाला सांगू नका हं. दिवसभरात पाहिलेला सगळ्यात सुंदर तास. त्या शिक्षकांनी एकच प्रश्न विचारला, हा किनारा वाचवायचा की जाऊ द्यायचा, आणि गप्प बसले. चक्क गप्प! किती शिक्षकांना जमतं हो ते? आणि मुलं अशी भांडली, अशी भांडली! एक मुलगा होता, उंच, पोलिश असावा, भुवया अगदी सोनेरी. तो उठून उभा राहिला आणि जे बोलत सुटला, थांबेचना. माझ्या अंगावर काटा आला.”

टिमॉन. टिमॉन कोवाल्चिक, शेवटचा बाक, खिडकीजवळ. सव्वा वर्षात त्यानं एलर्बीच्या वर्गात हजेरीला हात वर करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. एलर्बीनं घरी चिठ्ठी पाठवली होती, मुलाला इंग्रजी कमी येतं असं दिसतं. त्याचा आवाज कसा आहे हेसुद्धा एलर्बीला माहीत नव्हतं.

“काय म्हणाला तो?” एलर्बीनं विचारलं. तो खिडकीतून पुढे झुकला होता. “काय म्हणाला? जाऊ द्यायचा म्हणाला, की वाचवायचा?”

बाई जरा नवलानं त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात टॅक्सीचे दिवे वळले, तिनं हात केला, बॅग उचलली.

“तुम्ही ओळखता का त्याला? काय नाव त्याचं?”

“नाही,” एलर्बी म्हणाला. “मुलांची नावं नाही माहीत मला.”